स्नीअर धुरपताबाई आणि इतर खिताब

नळदुर्गात कुणाचं हसं व्हायला इंग्रजीची गरज कधीच पडली नव्हती. ते काम मराठीत होत असे, बाजाराच्या दिवशी कानडीत होत असे, आणि फार अदबीनं करायचं असलं तर उर्दूत. म्हणून शिवप्पाण्णा हेडक्लार्क पंचेचाळिशीला टेकल्यावर थट्टेचे आणि टवाळीचे इंग्रजी शब्द पाठ करायला बसले, तेव्हा त्यांच्या सिद्धम्मा आत्यानं जे विचारलं त्यात चूक काही नव्हती.

"का रं शिवा, इथलं हसं पुरंना झालं व्हय? आता साहेबाच्या देशात बी करून घ्यायचंय?"

अण्णांनी उत्तर दिलं नाही. हेडक्लार्कानं घरी सगळ्याच प्रश्नांना उत्तरं दिली तर कचेरीतल्या टाळाटाळीला जोर राहत नाही.

कारण सरकारी होतं. मराठवाडा हैदराबादहून सुटून मुंबई राज्याला जोडला गेला, त्याला दीडेक वर्ष होत आलं होतं. अण्णा उर्दूत शिकले होते, संसार मराठीत केला होता आणि रागवायचे कानडीत. इंग्रजीला त्यांच्या आयुष्यात कुठं जागाच शिल्लक नव्हती. पण खात्यानं हुकूम काढला की जुन्या कारकुनांनी इंग्रजीची परीक्षा द्यावी. लेखी परीक्षा अण्णांनी घोकंपट्टीवर काढली. तोंडीला मात्र गाडी दोनदा अडली. पहिल्या खेपेला साहेबासमोर त्यांना शब्द आठवले नाहीत आणि घाम आला. दुसऱ्या खेपेला नुसताच घाम आला. आता तिसरी आणि शेवटची संधी होती. हीही गेली तर हेडक्लार्काची खुर्ची सोडून नक्कलखान्यात कागदांच्या नकला उतरत बसायचं. नक्कलखान्यात खुर्ची नव्हती, बाक होतं; आणि त्या बाकावर जी पोरं बसत, त्यांना दौतीत टाक किती बुडवावा हे अण्णांनीच शिकवलेलं होतं.

अशा वेळी जैनोद्दीन बातमी घेऊन आला. जैनोद्दीन हा कचेरीतला दुसरा कारकून, अण्णांचा शाळेपासूनचा जोडीदार, आणि त्याच परीक्षेत त्यांच्या मांडीला मांडी लावून दोनदा आपटलेला.

"अण्णा, पक्की खबर हाय. माझा मावसभाऊ परवा तोंडी देऊन आला. साहेब किताब एकाच पानावर खोलतंय. दुसरं पानच न्हाय."

"कुठलं पान?"

"टिंगलटवाळीचं. सात लफ्ज. टाँट, स्नीअर, जीअर, मॉक, स्कॉफ, बँटर, रिडिक्यूल. फरक सांगा म्हणतंय. मावसभावानं सातीच्या साती ठिकाणी 'मस्करी' सांगितलं. साहेब म्हणाले, मस्करी तुमीच करून राहिलात, जावा."

शाळेच्या मास्तरांकडून अण्णांनी जाडजूड कोश मागून आणला. त्यात मॉकपुढं लिहिलं होतं 'थट्टा करणे, उपहास करणे, टर उडवणे', आणि जीअरपुढं 'टर उडवणे, थट्टा करणे, उपहास करणे'. कोशकारानं तीन शब्द घेऊन पत्त्यांसारखे पिसले होते आणि सगळ्यांना सारखेच वाटले होते. इंग्रजीतून इंग्रजीत अर्थ देणारा दुसरा कोश होता, तो तर थेट सरकारी कचेरीच्या वळणाचा. मॉककडं गेलं की तो म्हणे रिडिक्यूलकडं जा. रिडिक्यूलकडं गेलं की तो म्हणे आमच्याकडं नाही, डिराइडच्या टेबलावर चौकशी करा. डिराइड डबा खात असल्यासारखा म्हणे, मॉकला भेटलात का? अण्णांना त्या कोशाबद्दल आदर वाटला. पण शब्द काही हाती लागला नाही.

"अण्णा," जैनोद्दीन म्हणाला, "आपले मौलवीसाब काय सांगायचे? मिसालीबगैर लफ्ज डोक्यात टिकत न्हाय. कंजूस शिकवताना आडत्याचं नाव घ्यायचे, न्हाय का? अजून कंजूस म्हटलं की आडत्याचं तोंड दिसतंय मला. ह्या सात लफ्जांना सात माणसं जोडू."

मौलवीसाहेबांच्या मकतबात, म्हणजे उर्दू शाळेत, ही जुनीच रीत होती. प्रत्येक अवघड शब्द गावातल्या एकेका माणसाच्या गळ्यात बांधायचा. माणूस रस्त्यात दिसला की शब्द आपोआप आठवतो. पद्धत अस्सल होती. फक्त मौलवीसाहेब ती दार लावून शिकवायचे, एवढं हे दोघं विसरले.

टाँटसाठी माणूस शोधावा लागला नाही. अण्णा पुस्तक घेऊन जेवायला बसले होते. आत्यानं भाकरी वाढता वाढता म्हटलं, "वाच बाबा, वाच. तुझ्या बापानं एका अंगठ्यावर सारं रान सांभाळलं. तुला दोन हात आसून एक परीक्षा सांभाळंना."

अण्णांचा घास हातातच राहिला. "टाँट!" ते ओरडले. "आत्या, हेच! असंच! पुन्हा म्हण बरं."

आत्या घाबरली. चाळीस वर्षं टोमणे मारून कुणी पुन्हा मार म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. ती म्हणाली, "न्हाय रं लेकरा, सावकाश जेव तू," आणि दोन दिवस इतकी गोड बोलली की जगदेवीनं, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

स्नीअरला शेजारच्या धुरपताबाई मिळाल्या. जगदेवीनं शेंगांची चटणी कुटून वाटीभर त्यांच्याकडं नेली. धुरपताबाईंनी वाटीत पाहिलं. एक नाकपुडी वर गेली, तिच्यामागून वरचा ओठ एका बाजूनं वर गेला, आणि वाटी घेऊन त्या आत गेल्या. एक अक्षर न बोलता त्यांनी जगदेवीच्या माहेरच्या तीन पिढ्यांची चटणी नापास केली. जगदेवी घरी येऊन रडकुंडीला आली, आणि अण्णा "काय केलं म्हणतेस? नाकपुडी उजवी का डावी?" म्हणून विचारत बसले.

"अवं, तुमाला नाकपुडीचं पडलंय?"

"तसं नव्हे गं. तोंडानं काही बोलल्या असत्या तर शब्द बदलला असता."

स्कॉफ ज्ञानोबांचा. हे ज्ञानोबा जुने पेन्शनर, बसप्पाच्या हॉटेलच्या ओसरीवर बसून जगातल्या कुठल्याही गोष्टीला "ह्यॅ!" म्हणत. किल्ल्यातल्या पाणीमहालावरून नदी कोसळते ती पाहायला पावसाळ्यात लांबून माणसं येतात. ज्ञानोबा म्हणत, "ह्यॅ! पाणी वरून खाली पडतंय, त्यात काय? खालून वर जाया लागलं की मला बोलवा." दुसरे ज्याला मान देतात त्याला फुंकरीनं उडवायचं, हा स्कॉफ.

मॉक खुद्द बसप्पाचा. तो कपबशा पुसता पुसता गावातल्या कुठल्याही माणसाची चाल करून दाखवी. रस्त्यावर सायकलवाला पडला की ओसरीवरचे ट्रकवाले एका सुरात "हुर्र्यो" करत, तो घोळक्याचा जीअर. बँटर अण्णांनी स्वतःकडं आणि जैनोद्दीनकडं ठेवला. "आपण एकमेकांना बोलतो ना," ते म्हणाले, "ज्यात दोघंही मारतात आणि दोघंही हसतात, तो." राहिला रिडिक्यूल, म्हणजे माणसाचं चारचौघांत पार हसं करून टाकणं. त्याला मिसाल मिळेना. तो बिनमाणसाचाच पाठ करायचं ठरलं.

अण्णा पहाटे अंघोळ करून, मकतबातल्यासारखे पुढंमागं झुलत, खड्या आवाजात पाठ म्हणत: "टाँट, सिद्धम्मा! स्नीअर, धुरपताबाई! स्कॉफ, ज्ञानोबा! मॉक, बसप्पा!"

अण्णांचं घर आणि धुरपताबाईंचं घर यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही आडोशापुरती. आवाज अडवणं तिच्या कामात नव्हतं.

त्या सकाळी आडावर धुरपताबाईंनी घागर भरलीच नाही. "भल्या पहाटं, आंघोळ करून, माजं नाव घेतलं बगा शिवप्पाण्णानं. आन नावाच्या आधी इंग्रजी!"

"शिवी आसंल बया."

"शिवी लोक दिवसा देत्यात. पहाटं एक तर देवाचं नाव घेत्यात, न्हायतर सरकारचं."

हा मुद्दा बिनतोड होता. त्याचा उलगडा बसप्पाच्या ओसरीवर ज्ञानोबांनी केला. "आगं, निजामाच्या वक्ताला खिताब कुठल्या भाषेत येत होते? फारशीत. अमका जंग, तमका दौला. आता राज्य मुंबईचं. खिताब इंग्रजीत येणार न्हाय तर काय मोडीत येणार? यादी कचेरीत आली आसंल, आन शिवप्पा पाठ करतोय जाहीर करायला."

"तुमचं बी नाव हाय त्यात," धुरपताबाई म्हणाल्या. "स्कॉफ."

आयुष्यात पहिल्यांदाच ज्ञानोबांच्या तोंडून "ह्यॅ" निघाला नाही. ते उठले, फेटा नीट केला आणि म्हणाले, "उशिरा का व्हईना, कदर झाली."

दुपारपर्यंत धुरपताबाईंनी गल्लीत साखर वाटली. तिसऱ्या दिवशी बसप्पानं पेंटरला बोलावून पाटीवर लाल रंगात लिहून घेतलं, 'मॉक बसप्पा यांचे हॉटेल'. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रकवाले ती पाटी वाचून जात. त्यातल्या कुणालाच इंग्रजी येत नव्हतं, हे गावाचं नशीब आणि अण्णांचं दुर्दैव.

अण्णांना हे कळलं ते धुरपताबाई पुरणपोळी आणि तुपाची वाटी घेऊन आल्या तेव्हा. "अण्णा, एक विचारू का? स्नीअर मोठं का स्कॉफ मोठं?"

अण्णांनी खरं सांगायला तोंड उघडलं. पण समोर तूप होतं. आणि तूप नसतं तरी, तुमच्या नाकपुडीला इंग्रजीत असं म्हणतात, हे शेजारणीला तोंडावर कसं सांगायचं? ते म्हणाले, "दोन्ही आपापल्या जागी मोठे."

हेडक्लार्काच्या तोंडून आलेलं वाक्य. त्यावर शिक्कामोर्तब झालं.

"खरं काय ते सांगून मोकळं व्हा," जगदेवी म्हणाली.

"परीक्षा होऊ दे. मग सांगतो."

पण तेवढंच नव्हतं. दोनदा नापास झाल्यापासून अण्णा बाजारातून खाली मान घालून जात. आता ते दिसले की ओसरीवरची माणसं उठून उभी राहू लागली. बसप्पा चहात मलई घालू लागला. माणसाला मान कशासाठी मिळतोय याची चौकशी माणूस सहसा करत नाही. न मिळाल्यावर करतो.

मग अर्जदार सुरू झाले. एक बाई म्हणाली, "पोराचं लगीन जमंना, एखादा बारका शब्द द्या त्येला." बसप्पाला वाटू लागलं की मॉक फार आखूड आहे, धुरपताबाईंचा लांब का? "अण्णा, म्या धंदेवाला मानूस. पाटीवर भरून दिसंल असा द्या की." घरात सिद्धम्मा आत्यानं तर अन्नत्यागाची तयारी केली. "भाईर वाटतोयस, आन घरची म्हातारी?"

"आत्या, तुला पहिलाच दिलाय. टाँट."

"त्यो ज्ञानोबाच्यापेक्षा वरचा का?"

"तुझ्यावर कुणीच नाही," अण्णा म्हणाले. यात मात्र खोटं काही नव्हतं.

ज्यांना काहीच मिळालं नाही त्यांनी जे करायचं ते केलं. कचेरीत अर्ज आला. 'मौजे नळदुर्ग येथे खिताबांचे वाटप वशिल्याने होत असून लायक माणसे वंचित राहिली आहेत.' खाली सही 'एक लायक माणूस'. आलेला अर्ज नोंदवून साहेबांपुढं मांडणं हे हेडक्लार्काचं काम. अण्णांनी तो फाडला नाही. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कागद कधी फाडला नव्हता. गहाळ होऊ दिला असेल. त्यांनी शेरा मारला, 'तथ्य असल्यास चौकशी व्हावी.' साहेब नवे होते, कोकणातले, अजून इथल्या उन्हाला सरावलेले नव्हते. त्यांनी न वाचताच खाली लिहिलं, 'हेडक्लार्क यांनी हेडक्लार्क यांच्याकडून खुलासा मागवून सादर करावा.'

हुकूम तो हुकूम. अण्णांनी स्वतःला पत्र लिहिलं, जावक करून आवक केलं, आणि मुदतीत उत्तर आलं नाही म्हणून स्वतःला एक स्मरणपत्रही पाठवलं. जैनोद्दीन ते पाहून म्हणाला, "अण्णा, जरा सख्त लिहा. हा माणूस ऐकणाऱ्यातला न्हाय."

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाजार होता. त्याच दिवशी धुरपताबाईंचा जावई सोलापूरहून आला. तो गिरणीच्या हापिसात कारकून होता, आणि गिरणीत इंग्रजी चालतं. बसप्पाच्या ओसरीवर चहा पिताना सासूबाईंनी सहज सांगावं तसं सांगितलं की सरकारनं आपल्याला स्नीअर केलंय.

जावयाच्या हातातली बशी कलंडली. "काय केलंय?"

मग त्यानं समजावून सांगितलं. एकेकाला, एकेक शब्द, हावभावासकट. जावई चांगला शिकवत असला पाहिजे, कारण एवढ्या मोठ्या ओसरीवर कुणालाही शंका उरली नाही.

नेमके तेव्हाच अण्णा पिशवी घेऊन बाजाराला आले. आज माणसं उठून उभी राहिली नाहीत. बसलेलीही नव्हती म्हणा. वाट अडवून उभीच होती.

पहिल्यांदा धुरपताबाईंची नाकपुडी वर गेली, मागून ओठ. शब्द नाही. ज्ञानोबा म्हणाले, "ह्यॅ! हा परीक्षा देणार! दोनदा दिली की. परीक्षा हितंच हाय, पळून गेली न्हाय." बसप्पा ओसरीवरून उतरला, पिशवी काखेत मारली, मान बगळ्यासारखी पुढं काढली, आणि अण्णा साहेबांच्या खोलीत कसे शिरतात नि घाम पुसत कसे बाहेर येतात ते बाजाराला चालून दाखवलं. ट्रकवाल्यांनी "हुर्र्यो" केलं. भाजीवाल्या हसल्या, गिऱ्हाइकं हसली, तुळजापूरच्या एस्टीतले यात्रेकरू कारण न कळता खिडकीतून हसले. आणि गर्दीत कोथिंबीर घ्यायला आलेल्या सिद्धम्मा आत्यानं कळस चढवला. "म्या म्हनत हुते, घरातलं आवाज भाईर जातंय. न्हाय ऐकलं. आता भाईरचं आवाज घरात येतंय, ऐक."

अण्णा मागं वळले आणि भाजी न घेता घरी आले. दार लावून घेतलं. टोपी काढून खुंटीला अडकवली, ती पडली, पुन्हा अडकवली नाही.

"उद्या मी जात नाही," ते म्हणाले. "नक्कलखान्यातलं बाक बरं. तिथं निदान भिंतीकडं तोंड करून बसता येतं."

जगदेवीनं काही समजूत घातली नाही. पाण्याचा तांब्या दिला आणि पुढ्यात बसली. "काय झालं ते सांगा. पर एकेक सांगा. आदी कोन?"

"आधी धुरपताबाई. त्यांनी स्नीअर केलं."

"मग?"

"ज्ञानोबांनी स्कॉफ. बसप्पानं मॉक. असा चालला, बघ." अण्णा उठले आणि स्वतःची नक्कल करणाऱ्या बसप्पाची नक्कल करत चुलीपासून दारापर्यंत गेले. जगदेवीनं पदर तोंडावर घेतला, पण खांदे हलताना दिसले. अण्णा दारापाशी थांबले. मग तेही हसू लागले, आणि थोडा वेळ त्या घरात दुसरं काही झालं नाही.

"पुढं?" डोळे पुसत ती म्हणाली.

"ट्रकवाल्यांनी जीअर. आत्यानं टाँट. आणि सगळं मिळून जे झालं, ते रिडिक्यूल." बोलता बोलता अण्णांच्या लक्षात आलं की बँटर सोडून बाकीचे सहाही शब्द एकमेकांपासून सुटे झालेत. ज्याचा घाव जिथं बसला होता तिथंच तो शब्द बसला होता.

"आन म्या आत्ता हसले, त्येला काय म्हनायचं?"

अण्णांनी विचार केला. "तो पानावर नाही."

"मग जे पानावर हाय तेवढं तुमाला आलंय की. पहाटंची एस्टी हाय. शिदोरी बांदते."

कागदोपत्री उस्मानाबाद आणि बोलण्यात धाराशिव असलेल्या त्या गावात वैशाख नुसता पेटला होता. परीक्षेच्या खोलीत छताला पंखा होता, पण विजेचा आणि त्याचा त्या दिवशी अबोला होता. टेबलामागं परीक्षक बसले होते: रंगानं उजळ, जाडसर, लोकरीचा काळा कोट गळ्यापर्यंत बटणं लावून घातलेला, आणि कपाळावरून घामाच्या धारा. बाहेर बाकावर जैनोद्दीन आपल्या पाळीची वाट पाहत, दाराला कान लावून.

साहेबांनी पुस्तक उघडलं. तेच पान.

अण्णांना यंदा घाम आला तो नुसता उन्हाचा. ते मोडक्या इंग्रजीत बोलू लागले. टाँट म्हणजे घरच्या माणसानं नेमक्या दुखऱ्या जागी मारलेला खडा. स्नीअरला जीभ लागत नाही, नाकपुडी पुरते. स्कॉफनं नदीसुद्धा लहान होते. जीअर एकट्यानं करता येत नाही, त्याला घोळका लागतो. मॉक करणारा माणूस आधी तुम्हाला नीट निरखतो. त्या मानानं त्याचं तुमच्यावर लक्ष असतं. साहेबांनी मान वर केली.

"आणि रिडिक्यूल?"

"काल, सर. बाजारात. माय ओन."

मग सगळंच आलं. खिताब, साखर, लाल पाटी, स्वतःला धाडलेलं स्मरणपत्र. इंग्रजी संपलं तिथं मराठी आलं, मराठी अडलं तिथं उर्दू. साहेब आधी मिशीत हसले, मग तोंडभर, मग टेबलावर हात आपटत, आणि शेवटी चष्मा काढून. अण्णा उभेच होते. हसणं थांबेना तेव्हा त्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं, "सर, हे तुमचं हसणं पानावरच्या कुठल्या शब्दात बसतं?"

 दाराबाहेर जैनोद्दीननं अल्लाचं नाव घेतलं.

साहेबांनी चष्मा लावला. "बँटर," ते म्हणाले. "दुसरं काय? आपण गंमत करतोय."

इथं हो म्हटलं असतं तर खुर्ची वाचली असती. अण्णांना ते कळत होतं. पण शब्द आता त्यांच्या अंगावर उमटले होते, चुकीचं उत्तर त्यांना देववेना.

"नो सर. बँटरमध्ये दोघंही मारतात. इथं तुम्ही बसलाय, मी उभा. तुम्ही हसताय, मला हसायची परवानगी नाही."

साहेबांनी पुस्तक मिटलं. "बरं," ते म्हणाले. "दिली परवानगी. मारा."

वीस वर्षांच्या नोकरीत अण्णांनी साहेबासमोर पावलांचा आवाजसुद्धा केला नव्हता. 

"सर, धाराशिवच्या वैशाखात लोकरीचा कोट घालणारे तुम्ही पहिलेच. आमच्याकडं असा कोट माणूस फोटो काढताना घालतो. आणि फोटोवालासुद्धा शेवटी 'आता श्वास सोडा' म्हणतो."

दारातला शिपाई फिस्सकन हसला आणि लगेच खोकू लागला. साहेबांचा चेहरा हलला नाही. मग ते उठले, एकेक बटण सोडलं आणि कोट काढून खुर्चीच्या पाठीला टाकला. आतल्या शर्टाची एक बाही खांद्यापासून कोपरापर्यंत उसवलेली होती.

"इस्त्रीवाल्याची कृपा," साहेब म्हणाले. "दौऱ्यावर एकच सदरा राहिला. सकाळपासून श्वास धरलाय, हेडक्लार्क. आता सोडतो." आणि ते हसले, आणि या खेपेला अण्णाही हसले, मोठ्यानं, खुर्ची ओढून बसत.

"आता कुठला शब्द?" साहेबांनी विचारलं.

"आता बँटर, सर."

साहेबांनी पास लिहिलं. मग घड्याळ पाहिलं, उकाड्याला नमस्कार केला आणि उरलेल्या उमेदवारांना पुढच्या महिन्याची तारीख दिली. उरलेला उमेदवार एकच होता. तो दाराला कान लावून होता.

अण्णा पास झाल्याची बातमी त्यांच्याआधी गावात पोचली, आणि गावानं ती सरळ आपल्या नावावर करून घेतली. "माज्या नाकावर पास झाला," धुरपताबाई आडावर सांगू लागल्या. "ह्यॅ! त्यात काय?" ज्ञानोबा म्हणाले. "शब्द आमचे. ह्यो नुसता घेऊन गेला." बसप्पानं पाटी पुसली नाही, लाल रंग महाग पडला होता, आणि ट्रकवाले आता ती वाचायलाच थांबत. अण्णांनी अण्णांचा खुलासा कचेरीतल्या साहेबांपुढं ठेवला, 'सर्व खिताब परत घेण्यात आले असून ते कोणीही परत केलेले नाहीत,' आणि प्रकरण बंद झालं.

महिना भरत आला तेव्हा जैनोद्दीन संध्याकाळचा अण्णांच्या ओट्यावर आला. चेहरा उतरलेला.

"अण्णा, मावसभावाची नवी खबर. साहेबांनी पान उलटलंय. आता दुसरे लफ्ज विचारतंय."

"कुठले?"

"बेवकुफीचे. येड्या माणसाला इंग्रजीत किती परीनं येडा म्हणतात, ते सारे. फरक सांगा म्हणतंय. मिसाली पायजेत."

ही खबर भिंतीतून पलीकडं गेली. धुरपताबाईंचं दार लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं अण्णा आणि जैनोद्दीन बसप्पाच्या हॉटेलाकडं गेले, तर ओसरीवर एकही माणूस नव्हता. ज्ञानोबा फेटा सावरत गल्लीत वळताना दिसले. बसप्पा मोरीत बसून भांडी घासत होता, जी त्यानं आजवर कधी घासली नव्हती, आणि आतून ओरडला, "कुनी न्हाय हितं!"

जैनोद्दीन रिकाम्या बाकावर बसला. "सारा गाव पळाला, अण्णा. मी गेलो नक्कलखान्यात."

अण्णांनी इकडं तिकडं पाहिलं. महिनाभरात मोठ्या कष्टानं सरळ झालेली मान त्यांनी एकदा चाचपली. मग ते त्याच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "असं कर, पहिला शब्द माझ्या नावावर लाव. मी कुठं पळत नाही."

जैनोद्दीननं त्यांच्याकडं पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"शुक्रिया, अण्णा," तो म्हणाला. "पर तुमच्या नावावर मी सकाळीच तीन लावलेत."